हो बाई, बसलो आहे

नवऱ्याची पँट उंचीला कमी करायला टाकली होती, ती आणायला शिंप्याकडे गेले तर दुकानात मीच बोलत होते. म्हणजे मी दारात उभी, तोंड मिटलेलं, हातात पिशवी, आणि आत फळीवरच्या रेडिओतून माझा आवाज येतोय, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करावी." तसा माझा आवाज मला नवा नाही. बँकेत, स्टेशनवर, विजेच्या बिलाच्या फोनवर तो मला कुठेही गाठतो, आणि फार बोलणारी शेजारीण दिसल्यावर करावं तसं मी नजर चुकवून पुढे जाते. पण या वेळी त्याच्या मागे ड्रम वाजत होता, मंद आणि जड, कानापेक्षा छातीला आधी कळणारा. माझं वाक्य संपलं आणि एक घोगरा पुरुषी आवाज अगदी अदबीनं म्हणाला, "हो बाई, बसलो आहे." शिंपी मान हलवत त्याच्याबरोबर म्हणत होता. मला पाहून म्हणाला, "बसा ना बाई. हुक लावायचं राहिलंय, एवढं लावतो." मी बसले. रेडिओतली मी म्हणाले, "आपण रांगेत आहात." शिंप्यानं दोरा दातानं तोडला आणि "हो बाई, बसलोच आहे," असं माझ्याकडे बघत म्हणून खुदकन हसला. त्याला काय ठाऊक कुणाकडे बघून म्हणतोय. पँट कशी झाली ते मी पाहिलंही नाही, घडी घालून घेतली आणि बाहेर पडले. रस्ताभर वाटत होतं, माझं काहीतरी घरातून उचलून नेऊन चौकात वाळत घातलंय.

धंदाच तसला आहे माझा. मी सूचना बोलते. लोकांना सांगितलं की विचारतात, गाता का? नाही. नाटकात होता का? नाही. मग चेहरा जरा पडतो त्यांचा. काचेच्या खोलीत मनगटावरचं घड्याळ काढून बसायचं, सफरचंदाची फोड खायची म्हणजे तोंडाची चिकटाई जाते आणि शब्दांना चटचट येत नाही, मग कागद न वाजवता बोलायचं. वाक्यं सोपी असतात. जिकिरीचे असतात ते आकडे. आपल्या भाषेत एकोणचाळीस आणि त्रेचाळीस एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत, नव्याण्णवपर्यंत प्रत्येक पोर निराळ्या वळणाचं, त्यामुळे एकेक आकडा सुटा बोलावा लागतो, आणि तोही दोनदा, एकदा उघडा, एकदा बंद. उघडा म्हणजे शेवटाला जरा उचललेला, पुढे काहीतरी यायचंय असा. बंद म्हणजे खाली टेकवलेला, वाक्य संपलं असा. "टोकन क्रमांक त्रेचाळीस", हा त्रेचाळीस उघडा, कारण पुढे "खिडकी क्रमांक चार" यायचंय, आणि तो चार बंद. यंत्र हे तुकडे जोडतं. बंद आकड्याच्या जागी उघडा लागला तर माणूस अर्धवट उठून तसाच वाकून राहतो, अजून काही ऐकायचंय म्हणून. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. आणि या सगळ्यावर साहेबांचा कायमचा हुकूम, हसून बोला. एजन्सी चालवतात ते साहेब स्वतः कधी हसलेले मी पाहिले नाहीत, पण त्यांचं म्हणणं खरं आहे, ओठ हसले की आवाज हसतो. एवढी वर्षं मी भिंतीकडे बघून हसत आले. समोर कोण ऐकतंय याचा विचार केला तर हसू बिघडतं, म्हणून विचार करायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

घरी येऊन मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तुला आत्ता कळतंय? अख्खं कॉलेज गातंय ते. मला वाटलं तुला माहितीये आणि तू भाव खातेयस." गाणं घोगऱ्याचं. त्याचं खरं नाव काही वेगळं आहे, पण सगळे घोगराच म्हणतात, आणि तोही त्याच नावाला ओ देतो. काडीसारखा पोरगा, केस असे की कंगवा अडकेल. मी त्याला एकदा टीव्हीवर बघून घशाला काही झालंय का असं विचारलं होतं आणि मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. गाणी सामाजिक, असंही तिनंच सांगितलं होतं, आणि तिथेच माझं मन उडालं होतं. सामाजिक गाणी म्हटली की मला मुठी आवळलेली माणसं आठवतात, स्टेजवरून "उठा, उठा" म्हणून ओरडणारी, आणि ते ऐकलं की मी खुर्चीत आणखी खाली सरकते. पण आता प्रश्न माझ्या आवाजाचा होता. मुलीनं फोनची ती दोन बोंडं माझ्या कानात घातली आणि म्हणाली, "हे नको आधी. आधी त्याची जुनी ऐक, मग हे कळेल." ती शाळेत असताना मी तिला पाढे असेच क्रमानं शिकवले होते.

पहिलं गाणं म्हणजे नुसती घराची जाहिरात. हवेशीर, प्रशस्त, बाजारापासून जवळ, उजेड भरपूर, भाड्याचा प्रश्न नाही. ऐकता ऐकता तिसऱ्या कडव्यात माझ्या ध्यानात आलं की हा पुलाखाली झोपणारा माणूस बोलतोय आणि एकही शब्द खोटा बोलत नाहीये. दुसरं ऐकलं आणि मी भाजी चिरायची थांबले. समारंभ संपल्यावर आभार मानतात ना, अर्धे लोक चपला शोधत असतात तेव्हा, तसलं ते आभारप्रदर्शन. ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचे आभार, ज्यांनी माइक दिला त्यांचे आभार, पाहुण्यांचे, त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरचे. आणि मग त्याच सुरात, आवाज तसूभरही न हलवता, नाली तुंबू नये म्हणून जे दोघे सकाळी खाली उतरले आणि कार्यक्रमाला येऊ शकले नाहीत त्यांचेही आभार. पुढे टाळ्या. टाळ्या बराच वेळ वाजतात, आणि त्या वाजवणारे आपणच आहोत असं वाटायला लागतं. अन्याय, शोषण, व्यवस्था, यातला एकही शब्द नाही. ज्या शब्दांवरून आपण रोज पाय पुसून आत जातो तेच शब्द उचलून त्यानं समोर ठेवलेत, आणि बघा म्हणतोय. मला त्याचा राग आला होता, तो कुठे गेला ते कळेना. आपल्याच कामातलं कसब दुसऱ्याच्या हातात दिसलं की माणूस जरा सरसावून बसतो, तशी मी बसले.

मग माझं गाणं. त्यात तो रुग्णालयाच्या बाकावर बसलेला आहे आणि वर छतातून मी बोलतेय. माझी फक्त तीन वाक्यं घेतलीत त्यानं, पुन्हा पुन्हा तीच. मी म्हणते आपण रांगेत आहात, तो म्हणतो हो बाई, बसलो आहे. मी म्हणते कृपया प्रतीक्षा करावी, तो म्हणतो हो बाई, बसलोच आहे. पुढे तो म्हणतो, बसवत नाही बाई, पण बसलो आहे. माझा आवाज तसाच ताजा, सफरचंद खाल्लेला, हसरा. त्याचा हळूहळू खाली जातो. एका ठिकाणी मी बोलते आणि उत्तर येत नाही, फक्त ड्रम, आणि मी पुन्हा तेच तितक्याच आनंदानं सांगते, आपण रांगेत आहात. त्याला मला क्रूर दाखवायचं असतं तर माझा आवाज त्यानं वाकडा केला असता, हल्ली यंत्रात सगळं करता येतं. त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. आणि शेवट. शेवटी मी म्हणते, "टोकन क्रमांक एकोणचाळीस", आणि गाणं संपतं. उघडा एकोणचाळीस. पुढे खिडकी नाही, काही नाही, तो आकडा तसाच वर राहतो आणि ऐकणारा अर्धवट उठलेला. आमची धंद्यातली सगळ्यात मोठी चूक त्यानं जाणूनबुजून केली होती, आणि जगात ती कळेल अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली मी एक. मी बोंडं काढली. मुलगी माझ्याकडे बघत होती. "कसंय?" मी म्हटलं, "पोरगा हुशार आहे." तिला ते पुरेना.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. गाणं त्यांनीही ऐकलं होतं, पण त्यांची अडचण गाण्याची नव्हती. "रुग्णालयाकडून फोनवर फोन येतायत," ते म्हणाले. "तिथल्या हॉलमध्ये आता अनाउन्समेंट झाली की लोक उत्तर देतात. सगळा हॉल. हो बाई, बसलो आहे. शिपायापासून सगळे हसतात. काल कोणी मोठे पाहुणे तपासणीला आले, त्यांच्यासमोर झालं हे. तुम्ही उद्या सकाळी या. माझा आवाज माझ्या संमतीशिवाय वापरला, एवढंच लिहिलंय, सही करा. आवाजवाल्याची तक्रार आली की गाणं खाली उतरवावंच लागतं, दुसरा उपायच नाही त्यांना." मी विचारलं, "आणि नाही केली तर?" ते म्हणाले, "का नाही करणार तुम्ही? संमती नव्हती हे खरंच आहे ना? रुग्णालय, बँक, वाहतूक, आपली सगळी कामं एकमेकांना बांधलेली आहेत. एक दोरा सुटला की सगळं उसवतं, आणि मग मला नवा आवाज शोधावा लागेल. शहाण्याला सांगायला नको." फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. चोर तर चोर, वर शिरजोर असं व्हायला नको. विचारायचं तरी होतं त्यानं." बोलणं वावगं नव्हतं. माझा आवाज म्हणजे माझा संसार, मुलीच्या फिया त्यावर गेल्या आहेत. विचारायला हवं होतं त्यानं. मी सही करणारच होते. एवढं छान गाणं माझ्या हातून जाणार याचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून पोट भरत नाही.

त्या हॉलमध्ये मी कधी गेले नव्हते. बाबा जायचे, त्यांच्या शेवटच्या वर्षी, दर काही दिवसांनी. मी बरोबर येते म्हटलं की म्हणायचे, "तू कशाला? तू तिथे आहेसच की." हा विनोद त्यांना फार आवडायचा, प्रत्येक वेळी नव्यानं हसायचे. बाबा टेलिफोनचे लाइनमन. आयुष्य खांबावर गेलं, कमरेला पट्टा, खांद्यावर तपासणीचा फोन. बोलके इतके की ओळखीच्या माणसापेक्षा अनोळखी माणसाशी आधी बोलायचे. लाइनवर कोणी बोललं की उत्तर द्यायचंच, हा त्यांच्या खात्यातला रिवाज, घरातही तसाच. आई स्वयंपाकघरातून स्वतःशी पुटपुटली तरी हे बाहेरून "हां, बोल" म्हणायचे आणि ती चिडायची. पहिल्यांदा माझा आवाज रुग्णालयात लागला तेव्हा ते घरी येऊन म्हणाले, "स्वच्छ ऐकू येतंय. खरखर नाही." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नव्हती. त्यांचा एकदा नंबर हुकला होता. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, तो दिवस गेला आणि पुढची तारीख फारच लांबची मिळाली. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "जरा डोळा लागला गं." त्या तारखेच्या आधीच ते गेले. तेव्हा दाखवलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरही हसूनच बोलतात, मला तो सूर चांगला ओळखता येतो. पण ज्या माणसाचा चालत्या गाडीत कधी डोळा लागला नाही त्याचा त्या कडक बाकावर कसा लागला, हे मी मनाशी फार वेळा घोळवलं आहे. पेंगले असतील, औषधं जड होती, असं स्वतःला सांगून झोपलेही आहे.

जेवायला बसायच्या आधी मुलगी फोन घेऊन आली. "आई, सही करायची तर कर, पण त्याची ही मुलाखत तरी बघ." घोगरा कुठल्याशा गच्चीवर बसला होता. बोलताना त्याचा आवाज गाण्याइतका घोगरा नव्हता, साधा होता, जरा लाजराच. विचारणारी मुलगी म्हणाली, "या गाण्यात राग का नाही?" तो म्हणाला, "राग होता ना. शाळेत होतो तेव्हा आई आजारी होती माझी, तिला घेऊन जायचो मी तिथे. पुढे रागाचं गाणं लिहिलं, फाडलं, परत लिहिलं, परत फाडलं. राग आला की मी माझ्याबद्दलच बोलायला लागतो. मग मला एक आजोबा आठवले. आमच्या बाकावर असायचे. वरून ती बाई बोलली की हे छताकडे बघून उत्तर द्यायचे. हो बाळा, बसलोय. लोक हसायचे. मी विचारलं, आजोबा, ती टेप आहे, तिला कुठे ऐकू येतंय? तर म्हणाले, लाइनवर कुणी बोललं की उत्तर द्यावं, नाहीतर समोरच्याला वाटतं लाइन मेली. सगळ्यांना सांगायचे, ही आमची मुलगी आहे. आम्हाला वाटायचं, वय झालंय. पण मी घरी आल्यावर तेच आठवत बसायचो. त्या अख्ख्या हॉलमध्ये त्या आवाजाशी माणसासारखा बोलणारा तो एकच माणूस होता." विचारणारी म्हणाली, "मग गाण्यात बाळा का नाही?" तो म्हणाला, "बाळा त्यांचं होतं. ते मी कसं घेऊ? मी बाई घेतलं." मग केसांत हात घालून म्हणाला, "एकदा त्यांचा नंबर आला आणि ते हललेच नाहीत. मी हलवलं, म्हटलं, आजोबा, तुमचा नंबर. तर बोट वर करून मला म्हणाले, थांब रे, पोरगी बोलतेय. तेवढ्यात खिडकीनं पुढचा घेतला. नंतर दिसले नाहीत कधी."

स्वयंपाकघरात कुकर वाजत होता तो मी बंद केला असावा, कारण नंतर तो बंद होता. मुलगी म्हणाली, "आई?" मी म्हटलं, "ते तुझे आजोबा." ती लहान होती तेव्हा, तिला त्यांची मिशी तेवढी आठवते. नवरा दारात येऊन उभा राहिला होता, त्यानंही ऐकलं होतं. म्हणाला, "मग आता?" मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं आलं, आणि लाज वाटली नाही. डोळा लागला म्हणाले. माझ्यावर येऊ नये म्हणून झोपेवर ढकललं. ज्या पोरीला त्यांनी कधी थोबाडीत मारली नाही तिच्या आवाजासाठी त्यांनी आपला नंबर जाऊ दिला, मी सांगत होते त्यांचा आकडा, आणि त्यांना आकडा ऐकूच आला नाही, फक्त मी ऐकू आले. आणि हे त्या काडीसारख्या पोरानं पाहिलं, जपून ठेवलं, आणि त्यातून जे बाबांचं होतं ते बाबांकडेच ठेवून उरलेलं सगळ्यांना वाटलं. हॉलभर लोक आता बाबांचं वाक्य म्हणतायत. मला त्या पोराला शोधून पोटभर जेवू घालावंसं वाटलं. इतकं नेमकं ऐकणारा माणूस मी काचेच्या खोलीत एवढी वर्षं काढून पाहिला नव्हता.

सकाळी एजन्सीत जायच्या आधी मी रुग्णालयात गेले. हॉल माझ्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. भिंतीला खांद्याच्या उंचीवर एक मळकट पट्टा, टेकलेल्या माणसांचा. औषधाचा आणि ओल्या फरशीचा वास. मी एका बाकावर जागा करून घेतली. शेजारच्या बाई मांडीवर फायलींची पिशवी घेऊन बसल्या होत्या, पाय सुजलेले. वरून मी बोलले, "आपण रांगेत आहात." आणि हॉलनं उत्तर दिलं. मला आरडाओरडा वाटला होता, तसं काहीच नव्हतं. हलक्या आवाजात, जवळपास एका सुरात, म्हातारी माणसं, पोरंबाळं घेतलेल्या आया, हात गळ्यात अडकवलेला एक हमाल, सगळे म्हणाले, "हो बाई, बसलो आहे." मग थोडं हसू उमटलं, आणि खिडकीमागच्या माणसानं पहिल्यांदाच मान वर करून किती लोक बसलेत ते पाहिलं. त्यानं शेजारची बंद खिडकी उघडायला कुणाला तरी हाक मारली. शेजारच्या बाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "म्हणा की तुम्हीपण. लाज कसली? तेवढंच बरं वाटतं." पुढच्या वेळी वरून मी बोलले तेव्हा खाली मीही म्हटलं, "हो बाई, बसले आहे." त्या बाई माझ्याकडे वळून बघत म्हणाल्या, "आवाज गोड आहे हो तुमचा. गाता का?" मी म्हटलं, नाही. त्यांचा चेहरा पडला नाही. पिशवी सरकवून त्यांनी मला आणखी जागा करून दिली. उठवत नव्हतं, पण उशीर होत होता.

साहेबांनी कागद टेबलावर तयार ठेवला होता, पेनाचं टोपणसुद्धा काढून. "वाचायची गरज नाही," म्हणाले, "काल सांगितलं तेच आहे. माझा आवाज माझ्या संमतीशिवाय." मी खुर्चीत बसले. म्हटलं, "साहेब, संमती होती." "कुणाची?" "माझी." "काल नव्हती आणि आज होती?" "काल आठवलं नाही." "लेखी आहे काही?" "तोंडी." "तोंडी," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकली. "तोंडी बोलण्याला काय किंमत असते?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आणि मी आजवर त्यावरच जेवलो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग बराच वेळ ते हिशोबी सुरात बोलत होते, उद्यापासून कोणती कामं माझ्याकडून काढून घेतली जातील, नवा आवाज कधी लागेल, जुने आकडे कधी पुसले जातील, आणि मी हो, हो म्हणत ऐकत होते. घाबरले नव्हते असं म्हणणं खोटं ठरेल. मुलीचं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे होतं. सगळं सांगून झाल्यावर ते थकल्यासारखे वाटले. जरा पुढे झुकून, पहिल्यांदाच साहेबी उतरवून, त्यांनी विचारलं, "खरं सांगा. त्या घोगऱ्याला तुम्ही ओळखता?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या वडिलांच्या ओळखीचा आहे."